नऊ-केची पसंती

लांब पल्ल्याच्या विमानातली बिझनेस क्लासची सीट आधी प्रवाशाच्या घरी येऊन त्याला बघून जाते, आणि तो पसंत पडला तरच बसू देते. मिरजेच्या कुमुद परचुऱ्यांना यात काही नवल वाटलं नाही. पंचविशीत त्यांना बघायला अकरा मंडळी येऊन गेली होती. सगळ्यांनी पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले, आणि कळवलं कुणीच नाही. पुढे कुमुदताई ग्रंथपाल झाल्या, निवृत्तही झाल्या, आणि एकट्या राहिल्या त्या राहिल्याच.

आता टोरांटोला दादा आजारी होता. "तुला एकदा बघायचंय," एवढंच तो फोनवर म्हणाला. कुमुदताईंच्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी इकॉनॉमीला मनाई केली होती, म्हणून भाचीने बिझनेसचं तिकीट काढलं. सीट मात्र ज्याची त्याने मिळवायची असते. दोन-ए बघून गेली. तिला उंच प्रवासी हवा होता. चार-डीने पत्रिका नेली ती परतसुद्धा केली नाही. उरली एकटी नऊ-के. तिनेही नकार दिला तर जाणं रद्द.

रविवारी सकाळी एजंट आवटी तिला टेम्पोतून घेऊन आले. सोबत इकॉनॉमीच्या शेवटच्या रांगेतली तिची आत्या होती. हमालांनी दोघींना हॉलमध्ये आणून ठेवलं.

"पोहे बरे झालेत," आत्या म्हणाली. बशी तिने आपल्या ट्रेवर घेतली होती. "घोरता का?"

"ऐकायला घरात कुणी नाही. सांगता येणार नाही."

"लई शांत स्वभाव ओ यांचा," आवटी घाईघाईने म्हणाले. "सगळा जन्म लायब्ररीत गेलाय."

मग रीतीप्रमाणे कुमुदताई आणि नऊ-केला गॅलरीत बोलायला पाठवलं. हमालांनी नऊ-केला तुळशीच्या कुंडीशेजारी टेकवलं आणि ते आत गेले. कुमुदताई तुळशीची वाळकी पानं खुडत राहिल्या.

"लोक माझ्यावर पंधरा तास झोपतात," नऊ-के शेवटी म्हणाली. "उतरताना वळून बघतात, ते काही विसरलं नाही ना म्हणून."

"माझ्याकडे तेवढ्यासाठीही कुणी बघितलं नाही," कुमुदताई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं.

नऊ-केने त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "खिडकी उघडी लागते की बंद?"

"उघडी. खाली काही दिसत नसलं तरी."

मंडळी उतरून गेली. दहा मिनिटांत आवटी धापा टाकत परत वर आले.

"पसंत आहे, ताई! आत्याबाई नको नको म्हणत होत्या, पण पोरगीनं ऐकलं नाही. आता तुमचं काय ते बोला की."

"माझं?"

"म्हंजे? तुमचा होकार नको व्हय? फॉर्मावर रकाना आहे."

कुमुदताई त्या रकान्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता. उत्तर तर ठरलेलंच होतं; दादासाठी मेतकूट, सांडगे बांधून आठवडा झाला होता.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

आवटी डोकं खाजवत खाली गेले. कुमुदताई खुर्ची घेऊन गॅलरीत बसल्या. रस्त्यावर टेम्पोत नऊ-के वर तोंड करून थांबली होती. चारच्या सुमारास आवटींनी खालून हाक मारली, "ताई, ती सारखी विचारतीया. काय सांगू?"

"थांबू दे अजून थोडं," कुमुदताई म्हणाल्या. कुणीतरी आपल्या उत्तराची वाट बघत बसलंय, हे सुख त्यांना दिवेलागणीपर्यंत पुरवून वापरायचं होतं.