गोदाबाईंचा तिरका गाडा

मुलांनो, एका जंगलात वाटा कमी आणि गाडे जास्त झाले होते.

जंगलात गाडा कुणाला लागतो, असं तुम्ही विचाराल. तिथे सगळ्यांना पाय असतात, काहींना तर पंखही असतात. पण ते जुनं झालं. एकदा एका सशाने गाडा घेतला. मग शेजारच्या सशाने त्याहून मोठा घेतला. मग कासवाने हप्त्यावर घेतला. गाडा ज्याचा त्यानेच ओढायचा होता. त्यामुळे पूर्वी उड्या मारत नदीवर जाणारा ससा आता धापा टाकत, गाडा ओढत जाऊ लागला. पण तो चालत आला, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

नदीवर गाडा लावायला जागा नसायची. मग ससा तो ओढत परत घरी आणायचा. पाणी प्यायचं राहून जायचं.

शेवटी सिंहमहाराजांनी हुकूम काढला. ज्याचा गाडा वाटेत येईल, त्याचा उचलावा. त्यासाठी एक वाहतूक खातं उघडलं. खात्याचे साहेब झाले कोल्हेसाहेब. गाडे उचलायला हत्ती ठेक्यावर घेतला. हत्तीच्या पाठीवर दोन माकडं बसायची. एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात चुन्याची बादली.

काम असं चालायचं. गाडा दिसला की पहिलं माकड उडी मारून पाटी रोवायचं : 'येथे गाडा लावू नये.' दुसरं माकड गाड्याभोवती चुन्याची रेघ ओढायचं. म्हणजे मालकाला कळावं की गाडा चोराने नेलेला नाही, सरकारने नेला आहे. मग हत्ती गाडा उचलायचा. मग पहिलं माकड पाटी उपटून बरोबर घ्यायचं. कारण खात्याकडे पाटी एकच होती.

हत्तीची मजुरी गाड्यामागे होती. त्यामुळे त्याला हलके गाडे बरे वाटत. चौकाच्या अगदी मधोमध महाराजांच्या मेव्हण्यांचा रथ उभा होता. तो इतके दिवस उभा होता की त्याच्या चाकांवर वेल चढला होता. हत्ती त्याला वळसा घालून जायचा. जाताना सोंड वर करून सलामही करायचा, रथात कुणी नसलं तरी.

आता खवलेरावांकडे येऊ.

खवलेराव हे खवले मांजर होते. अंगभर खवले, तोंड निमुळतं, तोंडात दात एकही नाही. स्वभाव गरीब. कुणी आवाज चढवला की ते लगेच अंग गुंडाळून चेंडू व्हायचे. मग त्यांच्या पत्नी गोदाबाई येऊन त्यांच्या पाठीवर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "अहो, उघडा आता. गेले ते." मग खवलेराव उघडायचे. सगळा संसार असा झाला होता.

गोदाबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या नावावर एक लहानसा गाडा घेतला होता. खवलेराव ओढायचे, गोदाबाई आत बसायच्या. वारुळांच्या बाजाराला जायचं आणि परत यायचं, एवढाच प्रवास. घरासमोरच्या जांभळीखाली गाडा लावताना गोदाबाई मागे बघून सांगायच्या, "अजून मागे. अजून. आता थोडं डावीकडे. बास!"

बास म्हणेपर्यंत गाडा तिरका झालेला असायचा. एक चाक जांभळीच्या मुळाशी आणि दांडी हातभर वाटेवर.

"अगं, हे वाकडं झालंय," खवलेराव म्हणायचे.

"असू दे. मला उतरायला बरं पडतं."

यावर खवलेराव वर्षानुवर्षं कुरकुरत आले. दिवाळीच्या सुमारास गोदाबाई वारल्या. तेव्हापासून ते कुरकुरले नाहीत. गाडा तसाच तिरका उभा राहिला.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी हत्ती त्या वाटेने आला. लहान गाडा, हलका गाडा, दांडी वाटेवर. पाटी रोवली गेली. चुन्याची रेघ ओढली गेली.

"गाडा कुणाचा? ए, गाडा कुणाचा?" माकडं ओरडली.

खवलेराव घरातच होते. पण आवाज चढलेला होता. ते चेंडू झाले. आणि उघडा आता, असं सांगायला कुणी नसल्यामुळे ते दुपारपर्यंत चेंडूच राहिले. बाहेर आले तेव्हा जांभळीखाली गाडा नव्हता. गाड्याच्या आकाराची एक पांढरी तिरकी चौकट होती.

जंगलात त्या काळी दंड मोहाच्या फुलांत भरायचा असे. खवलेरावांनी दोन टोपल्या फुलं वेचली आणि ते कोंडवाड्यात गेले. तिथे शेकडो गाडे एकमेकांवर चढवून ठेवले होते. गोदाबाईंचा गाडा एका कडेला होता. त्याचं एक चाक निखळलं होतं.

"गाडा कुणाच्या नावावर आहे?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"गोदाबाईंच्या."

"मग तुम्ही कशाला आलात? त्यांना पाठवा."

"त्या नाहीत, साहेब."

"घरी नाहीत?"

"घरीही नाहीत."

"मग आल्या की पाठवा."

खवलेरावांनी टोपल्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "साहेब, त्या वारल्या. दिवाळीत."

"अरेरे," कोल्हेसाहेब म्हणाले. त्यांनी शेपटी खाली केली, मग पुन्हा वर केली. "पण खवलेराव, गुन्हा दिवाळीनंतरचा आहे. म्हणजे वारल्यानंतरही त्यांनी गाडा वाटेत लावून ठेवला."

"त्या कशा लावतील?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय."

"दंड मी भरतो, साहेब. दोन टोपल्या आणल्यात."

"तुमच्याकडून कसा घेऊ? गाडा तुमचा नाही. म्हणजे गुन्हा तुमचा नाही. निरपराध्याकडून दंड घेतला तर माझी नोकरी जाईल." कोल्हेसाहेब पुढे वाकले. "आणि एक सांगा. हातभर आत ढकलला असता तर कुणी त्याला शिवलंही नसतं. एवढा हातभर का नाही सरळ केलात?"

खवलेराव टोपलीतली फुलं सारखी करू लागले.

"अहो, मी काय विचारतोय!"

आवाज चढला. खवलेराव चेंडू झाले. कोल्हेसाहेबांनी जरा वाट पाहिली आणि ते जेवायला निघून गेले. मग माकडं आली. त्यांना वाटलं, कुठल्या तरी गाड्याचं जादा चाक पडलंय. नियमाप्रमाणे त्यांनी खवलेरावांभोवती चुन्याची रेघ ओढली आणि ती हत्तीला हाका मारू लागली.

हत्ती आला. त्याने सोंडेच्या टोकाने खवलेरावांच्या पाठीवर टकटक केलं.

"काका, उघडा आता. गेले ते साहेब."

पाठीवरचे खवले जरासे हलले. मग एक डोळा दिसला.

"काय म्हणालात?"

"साहेब गेले म्हटलं."

"हो. बरं झालं सांगितलंत," खवलेराव म्हणाले, आणि हळूहळू उघडले.

हत्तीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "काका, होळीच्या आत घेऊन जा. न नेलेले गाडे होळीत टाकतात. सुकलेलं लाकूड असतं ना. मी काय, सांगतील ते उचलतो. ठेवायचं कुठे, जाळायचं कधी, ते साहेब बघतात."

त्यानंतर खवलेराव पुन्हा पुन्हा गेले. एकदा साहेब महाराजांकडे होते. एकदा साहेब होते, पण शिक्का महाराजांकडे होता. एकदा दोन्ही होते, तेव्हा साहेबांनी विचारलं, गोदाबाई वारल्या हे त्यांनी स्वतः कळवलं होतं का? दर वेळी टोपल्यांमधली फुलं सुकायची आणि खवलेराव नवी वेचायचे. मोहाखाली आता रोज सडा पडत होता. होळी जवळ येत होती.

इकडे दरबारात वेगळीच अडचण आली. कुणी दंड भरतच नव्हतं, आणि थकलेल्या दंडाचा डोंगर बघून सिंहमहाराज गुरगुरले होते. कोल्हेसाहेबांनी एक रात्र विचार केला आणि तोडगा काढला. होळीच्या आदल्या दिवशी तडजोड मेळावा भरवायचा. थकलेले सगळे दंड माफ करायचे. माफ केलं की थकलेलं काही उरणार नाही. काही उरलं नाही म्हणजे खात्याचं काम चोख झालं.

मेळाव्याला मांडव घातला. ज्यांनी सगळ्यात जास्त दंड थकवला होता, त्यांना पुढे बसवलं आणि झेंडूचे हार घातले. मेव्हणेसाहेब येऊ शकले नाहीत. त्यांचा हार चौकात नेऊन रथाला घातला. मागे काही ससे उभे होते. त्यांनी पकडल्या दिवशीच दंड भरला होता.

"आम्ही भरला, त्याचं काय?" एका सशाने विचारलं.

"तुमचं कौतुकच आहे," कोल्हेसाहेब म्हणाले. "जरा मागे सरका, मान्यवरांना वारा लागत नाही."

एवढ्यात खात्याचा हिशेब ठेवणारी साळुंकी साहेबांच्या कानाशी येऊन कुजबुजली. महाराजांना जो आकडा कळवला होता, त्यात एक थकबाकीदार कमी पडत होता. कोल्हेसाहेबांनी मांडवभर नजर फिरवली. दारात दोन टोपल्या घेऊन खवलेराव उभे होते.

"या, या, खवलेराव! तुम्ही काही भरलं नाही ना अजून?"

"तुम्ही घेतलंच नाही, साहेब. आज घ्या. ताजी फुलं आहेत."

"खबरदार! भरलंत तर मी माफ काय करू?" साहेबांनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "कैलासवासी गोदाबाई खवले! दंड माफ! गाडा परत!"

टाळ्या वाजल्या. खवलेरावांच्या गळ्यात हार पडला. इतक्या जणांसमोर गोदाबाईंचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. त्यांना ते आवडलं असतं की हसू आलं असतं, हे खवलेरावांना काही केल्या ठरवता येईना.

निखळलेल्या चाकाचा गाडा ओढता येण्यासारखा नव्हता. हत्ती म्हणाला, "मी आणला, मीच पोचवतो." खवलेरावांनी दोन्ही टोपल्या त्याच्यापुढे ठेवल्या. हत्तीने त्या नको नको म्हणत रिकाम्या केल्या. मोहाची फुलं ती. अर्ध्या वाटेत हत्ती गाणं म्हणू लागला. चौकात त्याने मेव्हणेसाहेबांच्या रथाला सलाम केला नाही. उलट हार काढून तोही खाल्ला.

जांभळीखाली चुन्याची चौकट जशीच्या तशी होती. त्यावर ना कुणाचा पाय पडला होता, ना कुणी दुसरा गाडा लावला होता. सरकारी रेघ ओलांडली तर कुठल्या खात्यात खेटे घालावे लागतील, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे मुंग्यासुद्धा तिला वळसा घालून गेल्या होत्या.

"काका, हातभर आत ठेवू का? सरळ?" हत्तीने विचारलं. "पुन्हा कटकट नको."

खवलेरावांनी वाटेकडे पाहिलं. मग चौकटीकडे पाहिलं.

"या रेघेतच ठेवा."

"मग उद्या मलाच उचलावा लागेल."

"उद्याचं उद्या पाहू."

हत्तीचे डोळे तरंगत होते. पण त्याने जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, गाडा अगदी रेघेवर रेघ ठेवावी तसा ठेवला. चाक बसवून दिलं. एक चाक जांभळीच्या मुळाशी आलं. दांडी हातभर वाटेवर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती ठणकतं डोकं घेऊन कामावर आला. खवलेराव गाड्याला टेकून उभे होते. पहिल्या माकडाने उडी मारून पाटी रोवली. दुसरं माकड बादली घेऊन उतरलं आणि तिथेच थबकलं.

"अरे, रेघ आधीच आहे."

"मग?"

"रेघ असली की गाडा नसतो. गाडा असला की रेघ नसते. इथे दोन्ही आहेत."

"मग हा उचललेला गाडा आहे," हत्ती डोळे मिटूनच म्हणाला. "उचललेला गाडा परत कसा उचलू? मजुरी कोण देणार?"

कोल्हेसाहेबांना बोलावलं. त्यांनी गाड्याला तीन फेऱ्या घातल्या.

"ही रेघ कुणी मारली?"

"आपल्याच खात्याने, साहेब."

"म्हणजे ही जागा खात्याने आखलेली आहे. आखलेल्या जागेत गाडा आहे. एक चाकही रेघेबाहेर नाही. जंगलात नियमाने लावलेला हा पहिला गाडा मी पाहतोय!" साहेब खवलेरावांकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. "खवलेराव! हा गाडा असाच राहिला पाहिजे! बोटभर जरी सरळ केलात, तरी दंड होईल!"

खवलेराव सवयीने गुंडाळायला लागले. पण अर्ध्यावरच थांबले.

"नाही करणार, साहेब," ते म्हणाले.

"पण तिरका का आखला असेल आपण?" साहेबांनी स्वतःशीच विचारलं.

"उतरायला बरं पडतं," खवलेराव म्हणाले.

हा नियम साहेबांनी त्याच दिवशी दवंडी पिटून कळवला. माकडांनी ही चौकट नमुना धरून वाटेच्या दोन्ही बाजूंना तशाच तिरक्या चौकटी आखल्या. गाडे तिरके लावल्यावर जास्त बसतात, असं आढळून आलं. कोल्हेसाहेबांना महाराजांनी शाल दिली. शेजारच्या जंगलातून अधिकारी पाहायला आले, तेव्हा साहेब म्हणाले, "यामागे खात्याचा दीर्घ अभ्यास आहे." चौकातल्या रथाभोवतीही एक चौकट आखली गेली. तिला मात्र वेलाचाही आकार दिला.

संध्याकाळी खवलेराव गाड्यात चढून बसले. इतकी वर्षं ते पुढे असायचे, दांडीला. आत कधी बसले नव्हते. थोडा वेळ त्यांनी वाटेवरच्या तिरक्या गाड्यांची रांग पाहिली. मग ते गोदाबाईंच्या बाजूने खाली उतरले. पाय बरोबर जांभळीच्या मुळावर पडला.

"खरंच की," खवलेराव म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, मोठे झाल्यावर आपला गाडा कधीही सरळ लावू नका. तो शांतपणे तिरका लावा आणि सरकार येऊन त्याच्याभोवती रेघ मारेपर्यंत धीर धरा.