निष्ठेची दहा षटकं

आपल्याला नकोशी झालेली व्यक्ती दुसऱ्याने उचलली, की ती मुळात आपलीच होती हे ध्यानात येणं, हे प्रगत राष्ट्राचं लक्षण आहे. एका फिरकी गोलंदाज बाईंच्या बाबतीत एका राष्ट्राने ही प्रगती करून दाखवली; उचलण्याचं काम दुसऱ्याने केलं.

पहिल्या देशाने बाईंना काही कमी पडू दिलं नाही. पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट दिले (बाह्या दुमडायची मुभा होती). मैदान दिलं, ते पुरुषांना नको असेल त्या दिवशी. बाळंतपणानंतर त्या पुन्हा सरावाला आल्या, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष वडीलकीने म्हणाले, "पुष्कळ खेळलात. आता लेकराकडे बघा." (लेकराच्या बापाला हा सल्ला कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.)

पुढे नवऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि बिऱ्हाड हललं. तिथे बाईंनी सुट्टीच्या दिवशी स्थानिक संघाकडून गोलंदाजी केली, नियमाप्रमाणे काही वर्षं कळ काढली आणि त्या देशाच्या संघात निवडल्या गेल्या. त्याबरोबर पहिल्या देशाने गळा काढला. निषेध म्हणून बाईंचा फोटो मैदानाच्या कार्यालयातून उतरवायचं ठरलं. तो कधी लावलेलाच नव्हता, म्हणून आधी लावण्यात आला.

दुसऱ्या देशाने मापाचे शर्ट दिले आणि मोबदल्यात एकच गोष्ट विचारली: स्वप्नं कोणत्या देशाची पडतात?

"नो-बॉलची," बाई म्हणाल्या.

हे उत्तर समाधानकारक मानलं गेलं नाही.

बाईंचा अखेरचा सामना नेमका पहिल्या देशाशी आला. आपल्या काळजात न डोकावता लोकांनी एकदा नुसती आपली गोलंदाजी बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तिची दखल घेऊन दुसऱ्या देशाच्या क्रिकेट मंडळाने काळजात डोकावण्यासाठी एक समिती नेमली. समितीने अभ्यासाअंती ठरवलं, की निष्ठा अपिलाच्या आवाजात असते. तो आवाज स्वच्छ ऐकू यावा, म्हणून बाईंच्या षटकांत बाकीच्या दहाजणींनी तोंड मिटून राहावं. इकडे पहिल्या देशातही लोक कान टवकारून बसले होते. बाई मोठ्याने ओरडल्या तर कृतघ्न आणि हळू ओरडल्या तर ढोंगी, असा निकाल तिथे आधीच तयार होता.

तिसऱ्या षटकात एक चेंडू झकास वळला आणि समोरची फलंदाज सरळसरळ पायचीत सापडली. बाईंनी तोंड उघडलं. दोन्ही देश आठवले. तोंड मिटलं. अपिलाशिवाय बाद देता येत नाही, म्हणून पंच बिचारे ताटकळले. फलंदाजही जायला निघाली होती, ती शिष्टाचार म्हणून परत उभी राहिली.

बाईंचं डोकं सणकलं. त्रिफळा उडाला, तर कुणाकडे काही मागावं लागत नाही. त्यांनी पुढचा चेंडू थेट मधल्या यष्टीवर टाकला. यष्टी आडवी झाली, बाई मुकाट्याने वळल्या आणि राहिलेली सगळी षटकं त्यांनी याच धोरणाने टाकली. समितीने अहवालात लिहिलं, "निष्ठेचा आवाज आला नाही."

सामन्यानंतर पत्रकारांनी एकूण चौदा प्रश्न विचारले. त्यांतले तेरा काळजाविषयी होते (चौदावा, स्वयंपाक कोण करतं). बाई सगळ्यांना नीट उत्तरं देऊन खोलीवर आल्या. इतक्यात पहिल्या देशातून थोरल्या बहिणीचा फोन आला. घरामागच्या बोळात बाईंच्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला तो हिनेच.

"काय गं, किती विकेट घेतल्यास?"

बाईंनी आकडा सांगितला आणि त्यांना रडूच कोसळलं. सबंध दिवसात हे विचारणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

तो आकडा वर कुठेही दिलेला नाही. वाचकांची तशी मागणी नव्हती. ते दोन देश कोणते असतील, याचा अंदाज बांधण्यात आपण गुंतला होता.