होडीची गळती आणि आमचे सासरे

घरातला गळका नळ मी डोळे मिटून दुरुस्त करतो. नंतर प्लंबर बोलवावा लागतो, ती गोष्ट वेगळी. तर असा आत्मविश्वास असलेल्या मला जुन्या मालकाने शिडाची होडी विकताना प्रामाणिकपणे सांगितलं की ती वरून थोडी गळते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका.

ती काळजी मग माझ्या बायकोने केली. होडीचा तळ ठणठणीत होता. पण पाऊस आला की डेकवरचं पाणी कुठून तरी झिरपायचं आणि केबिनच्या छतातून नेमकं तिच्या उशीवर टपकायचं. माझ्या उशीवर कधीच नाही. यामागे माझाच हात आहे असा तिला बरेच दिवस संशय होता. शेवटी तिने जाहीर केलं की यापुढे एक जरी थेंब पडला, तर होडीत मी एकट्यानेच राहायचं.

मी कंबर कसली. थेंब पडायचा त्याच्या बरोबर वर, डेकवर, सीलंट फासलं. थेंब पडलाच. मग शंका येईल तिथे फासत सुटलो. डेक गोवर निघाल्यासारखा दिसायला लागला, आणि थेंब पडतच राहिला. तेव्हा कुठे वाचनात आलं, की पाणी शिरतं एकीकडून आणि छताच्या अस्तरावरून रांगत जाऊन टपकतं भलतीकडेच. उपायही दिला होता. केबिनची दारं-खिडक्या चिकटपट्टीने बंद करायच्या, ब्लोअरने आत हवा भरायची आणि डेकवर साबणाचं पाणी फासायचं. बुडबुडे येतील तिथे भोक. सायकलच्या पंक्चरचीच युक्ती, फक्त ट्यूबमध्ये स्वयंपाकघर आणि बिछाने.

त्या आठवड्यात सासरे आमच्याकडे होडीवर राहायला आले होते. जन्मभर कचेरीत काम केलेले, मितभाषी गृहस्थ. माझ्याबद्दलचं मत ते कधी बोलून दाखवत नाहीत, ही त्यांची कृपा.

सकाळी मी ब्लोअर चालवून बघत असताना बायको धक्क्यावरून काहीतरी ओरडून सांगून गेली. त्या गोंगाटात मला 'बाबा' आणि 'घेऊन' एवढेच शब्द ऐकू आले. त्यावरून ती बाबांना घेऊन बाजारात चालली आहे, हे मी ताडलं. अर्धवट ऐकून पूर्ण अर्थ लावण्यात माझा हातखंडा आहे. प्रत्यक्षात ती बाबांचं औषध घेऊन येते म्हणाली होती. आणि बाबा कानातलं यंत्र काढून होडीच्या पुढच्या खोलीत गाढ झोपले होते.

मी सगळ्या फटी बंद केल्या, ब्लोअर पूर्ण वेगाने सोडला आणि डेकवर ब्रशने साबण फासायला लागलो. कठड्याच्या एका खांबाच्या बुडाशी बुडबुडे आले! थेंब पडायचा तिथून चांगले दोन हात लांब. मी त्याभोवती खडूने गोल काढला. आनंद मावेना म्हणून त्या गोलाभोवती आणखी एक काढला.

तेवढ्यात होडीच्या नाकाकडे, डेकमधून वर उघडणारी झडप आहे, तिच्यावरची पट्टी फुगली. झडप हळूच वर आली आणि पुन्हा खाली बसली. हवेच्या दाबाने सगळ्या पट्ट्या उखडतील, या भीतीने मी धावत जाऊन तिच्यावर बसलो. झडपेने मला खालून ढुशी दिली. मी आणखी घट्ट बसलो. जराशी विश्रांती घेऊन तिने आणखी जोरात दिली. ब्लोअर एवढ्या ताकदीचा निघेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्याचा अभिमानच वाटला.

शेजारच्या होडीवर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. प्रकृतीने भारदस्त. माझ्याजवळ येऊन बसाल का, अशी मी त्यांना विनंती केली आणि हवेच्या दाबाचं शास्त्र मोठ्याने समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्या आल्या, बसल्या. झडप गप्प झाली. मग खालून ठोके ऐकू आले. काकूंनी मान तिरकी केली.

"हवा खोकते का हो?" त्यांनी विचारलं.

मी बसल्या जागेवरून वायर ओढून ब्लोअर बंद केला. त्या शांततेत आमच्या बुडाखालून आवाज आला, "जावईबापू, वर तुम्ही बसला आहात का?"

काकू माझ्या आधी उठल्या. झडप उघडली आणि सासरे वर आले. केस उभे, चष्मा कपाळावर. काकूंनी आधी त्यांची नाडी बघितली. मला डेकमधल्या एखाद्या भोकातून झिरपून जावंसं वाटत होतं. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की जाग आली तेव्हा पडदे उडत होते, पांघरूण उडालं होतं. त्यांना वाटलं वादळ आलं आणि होडी समुद्रात वाहून गेली. दार उघडेना, म्हणून झडप ढकलली. मग कानात यंत्र घातलं.

"तुमचं शास्त्र ऐकलं मी," ते म्हणाले. "बरोबर होतं. फक्त त्यात मी नव्हतो."

मी हात जोडून माफी मागायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. धक्क्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"पोरीला सांगायचं नाही. सांगितलंत तर ती मला पुन्हा होडीवर येऊ देणार नाही. मला आवडतं इथे."

त्यांना इथे आवडतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या आपल्या होडीवर निघून गेल्या. परिचारिकेला गुपितं सांभाळायची सवय असावी.

खांबाचा बोल्ट वरून धरायला एक माणूस लागतो आणि आतून नट फिरवायला दुसरा. सासरे वर बसले, मी आत आडवा झालो. जुन्या सीलंटचा पार भुगा झाला होता. आम्ही तो खरवडून काढला, भोकं कोरडी केली, नवं सीलंट भरलं आणि नट आवळले. बायको औषध घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं इतक्या गुण्यागोविंदाने काम करत होतो, की तिला तिथेच संशय आला. पण पुरावा नव्हता.

पुढच्या आठवड्यात दुपारी धो धो पाऊस आला. आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. छताकडे बघत होतो. एक थेंब नाही. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायकोने छतावर, कोपऱ्यात, गादीखाली हात फिरवून बघितला. सगळं खडखडीत कोरडं. मी कौतुक ऐकायला सरसावून बसलो.

तिने पदराने वारा घेतला.

"अहो, किती कोंदट झालंय इथे. जरा ती खिडकी उघडा ना."

सासरे घाईघाईने दुसरीकडे बघायला लागले. मी उठलो, खिडकी उघडली आणि टॉवेल घेऊन तिच्याखाली बसलो.