वीस किलो रोहू, शॉर्ट!

"या दिघोरीत पैसा कमावाची अक्कल एकाच मानसाले हाय, अन् तो मानूस आता तुह्या चक्कीवर बसून चहा पिऊन राहिला!"

भैय्यालालजींनी हे जाहीर केलं तेव्हा समोर लिलाधर एकटाच होता. चक्कीवाला लिलाधर डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, म्हणजे तो अक्कलवाला माणूस आणखी कुणी आहे की काय!

भैय्यालालजींचं हातमागाच्या साड्यांचं दुकान. मे महिन्याच्या उन्हात दुकानात माशीसुद्धा फिरकत नसे. म्हणून ते दिवसभर मोबाइलवर शेअर बाजाराचे व्हिडिओ पाहत. स्वतः त्यांनी एकही शेअर घेतलेला नव्हता, कारण खातं उघडायला गेले तर तीन वेळा सही जुळली नाही. तेव्हा ज्ञान ओसंडून वाहत होतं, पण जायला वाट नव्हती!

"याले म्हनतात शॉर्ट सेलिंग," त्यांनी लिलाधरला समजावलं. "समज, वस्तू तुही हाय. मी ते उसनी घेतो अन् आजच्या महाग भावात इकून टाकतो. भाव पडला का स्वस्तात इकत घेतो, तुले वापस करतो. मधातले पैसे माहे!"

"पन वस्तू तं माही होती."

"तुले भेटली ना वापस?"

"भेटली."

"मंग तोंड कायले वाकडं करतं?"

लिलाधरनं तोंड सरळ केलं. आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

शेअर नाही तर नाही, गावात मासोळी होती! लग्नसराईत तलावाची ताजी रोहू तीनशे रुपये किलो. येत्या शुक्रवारी गावच्या तलावात मच्छीमार सोसायटीचं जाळं पडणार, आणि जाळं पडलं की भाव दरवर्षी दीडशेवर येतो. भैय्यालालजींनी तडक मंगरूचं घर गाठलं.

मंगरू मच्छीमार सोसायटीचा जुना माणूस, भैय्यालालजींचा बालपणचा दोस्त. त्याच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहानशा तळ्यात, चाळीस किलो रोहू राखून ठेवलेली होती. मुलीच्या, डिंपलच्या, साखरपुड्यासाठी! पण उन्हानं बोडी आटत चालली होती आणि मंगरूला त्या मासोळ्यांच्या काळजीनं झोप लागत नव्हती.

"वीस किलो मले दे," भैय्यालालजी म्हणाले. "तलाव ओढला का एकवीस वापस देतो. ताज्या, फडफडत्या!"

"रविवारी पाहुने येऊन राहिले, भैय्याजी. पोरीचं काम हाय."

"अरे, डिंपल काय मले परकी हाय? शुक्रवारी जाळं पडते. शनवारी तुह्या दारात मासोळ्या!"

मंगरूनं विश्वास ठेवला. वीस किलो रोहू लाखनीच्या हायवेवर इश्वरच्या ढाब्यात गेली आणि भैय्यालालजींच्या खिशात सहा हजार रुपये आले. ते त्यांनी चक्कीवर तीनदा मोजून दाखवले. तिसऱ्या मोजणीला लिलाधरला राहवलं नाही. तो उठला आणि याच बोलीवर मंगरूच्या उरलेल्या वीस किलो घेऊन आला. त्याही इश्वरकडेच गेल्या. बोडीत राहिला फक्त चिखल!

त्या दुपारी भैय्यालालजी जेवून खाटेवर आडवे झाले. छातीवर मोबाइल, मोबाइलमध्ये व्हिडिओ. "आता समजून घेऊ शॉर्ट इंटरेस्ट," व्हिडिओतला बाबू म्हणाला. "उसना घेऊन विकलेला किती माल अजून परत करायचा बाकी आहे, तो आकडा म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. हा आकडा मोठा असेल आणि भाव मात्र चढायला लागला, तर सावधान..."

भैय्यालालजी घोरायला लागले होते. शेजारी त्यांच्या पत्नी कुसुमताई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात लसणाचे, म्हणून त्यांनी मोबाइल बंद केला नाही. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण गुरुवारी अवकाळी पाऊस असा कोसळला की तलावात कमरेएवढं होतं ते पाणी गळ्यापर्यंत आलं! सोसायटीनं जाळं रविवारी सकाळी टाकायचं ठरवलं.

"काही बिघडत नाही," भैय्यालालजींनी मनाशी हिशेब केला. "सकाळी ओढतील, दहाला भाव पडेल, बाराला मासोळ्या मंगरूच्या दारात." रविवारी त्यांनी आरामात अंघोळ केली, दोन कप चहा घेतला आणि साडेआठला थैली फडकावत तलावावर पोचले. तिथे जाळं वाळत पडलं होतं आणि मंगरू बिडी ओढत बसला होता.

"काय भाव काढला, मंगरू?"

"कायचा भाव? आज वाटा हाय ना, भैय्याजी!"

भैय्यालालजींची फडकती थैली खाली आली. पहिल्या दिवशीची मासोळी दिघोरीत विकत नाहीत. तलाव सगळ्या गावाचा, म्हणून पहिल्या ओढीतून घरटी अर्धा किलो वाटा जातो. विक्री दुसऱ्या दिवशी. जन्म गावात गेला, दर उन्हाळ्यात तो वाटा खाल्ला, आणि ऐन वेळी नेमका तोच विसरला!

"यंदा दोन दिस पुढे गेलं, तं मले वाटलं सीधी इक्रीच..."

"तलावाले कॅलेंडर दाखवाव का?" मंगरू हसला. मग त्याचं हसू विरलं. "भैय्याजी, माह्या मासोळ्या?"

"बारा वाजेपर्यंत आनतो ना! नाई तं लाखनीवरून..."

"बर्फातली?" मंगरू उभाच राहिला. "तीन पिढ्या आमी पान्यात उभे हाओ. अन् माह्या पोरीच्या सोयऱ्याले बर्फातली मासोळी वाढू? त्यापरस मी वरन-भात करतो अन् तोंड लपवून बसतो."

भैय्यालालजींना भयंकर लाज वाटली. डिंपलला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. ते धोतर सावरत गावाकडे पळाले.

पहिल्या दारात किलोला दोनशेच्या भावानं अर्धा किलो मिळाली. दुसऱ्या दारात पिठानं पांढरा झालेला एक माणूस आधीच उभा होता.

"अडीचशे!" लिलाधर ओरडला.

"तीनशे!" भैय्यालालजी ओरडले.

"अबे लिल्या, तू कायले मधात येतं?" ते लिलाधरवर डाफरले.

"मले बी एकवीस किलो वापस कराच्या हायेत! तुमीच तं अक्कल शिकवली!"

घरमालकीण दोघांकडे टकमक पाहत राहिली आणि तिनं साडेतीनशे मागितले. बातमी त्यांच्या पुढे धावत होती! पुढच्या गल्लीत भाव चारशे झाला. एका घरी मासोळीला हळद-मीठ लागलेलं होतं, तर लिलाधर म्हणे, धुऊन द्या! दहा वाजेपर्यंत भैय्यालालजींच्या थैलीत मोजून चार किलो जमली. लिलाधर तर रिकामी थैली घेऊन दिसेनासाच झाला.

आणि मग मासोळीच संपली. ज्या दारात जावं तिथे एकच उत्तर.

"इकली ना, भाऊजी."

"कोनाले?"

"ते नाई सांगाचं म्हनलं हाय," सुशीलाबाई पदरात हसल्या. सुशीलाबाई म्हणजे महिला बचत गटाच्या अध्यक्ष.

पंच्याहत्तर घरं! अर्धं गाव कुणीतरी सकाळीच धुऊन नेलं होतं. अकरा वाजता भैय्यालालजी घामानं निथळत घरी आले. आता मंगरूच्या पाया पडायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी अंगणाचं दार ढकललं आणि जागच्या जागी थबकले.

अंगणात पाण्यानं भरलेले तीन मोठे गंज, म्हणजे पातेली. गंजात रोहू. जिवंत! शेपट्या मारून पाणी उडवत होत्या. बाजूला पाटावर कुसुमताई, हातात तराजू.

"कुसुम!" भैय्यालालजी गंजाकडे धावले. "अवं, तू तं देवीच हायेस! आन, सतरा किलो भर थैलीत."

"पाचशेनं," कुसुमताई म्हणाल्या.

भैय्यालालजी खूप हसले. कुसुमताई हसल्या नाहीत.

"अवं, मी नवरा हाओ!"

"म्हनून तं जास्त नाई लावले. आताच लिलाधरभाऊ एकवीस किलो घेऊन गेले, ते बी पाचशेनंच. पैसे बचत गटाचे हायेत, घरचे नाईत. वाटा घेऊन बाया तलावावरून निंगाल्या, तं मी तिथंच दोनशेनं घेतल्या."

"पन तुले कसं समजलं?"

"तुमी झोपले होते, तो व्हिडिओवाला बाबू बोलूनच राहिला होता. ज्यायनं उसनं घेऊन इकलं, त्यायले कितीबी भाव असो, घ्याच लागते म्हने. तुमचे एकवीस, लिलाधरभाऊचे एकवीस. बेचाळीस किलोचे गिऱ्हाईक पक्के, अन् दीडशे घरं मिळून गावात मासोळी पंच्याहत्तर किलो. उद्यापर्यंत थांबले असते तं तुमाले दीडशेनं भेटली असती. पन डिंपलचा साखरपुडा उद्यापर्यंत थांबते का?"

खिशात उरलेले साडेचार हजार आणि दुकानाच्या गल्ल्यातले चार हजार. भैय्यालालजींनी मोजून दिले. कुसुमताईंनी तीनदा मोजून घेतले. बाराच्या ठोक्याला एकवीस किलो रोहू मंगरूच्या दारात पोचली. मंगरूनं एक मासोळी हातात घेऊन कल्ले पाहिले, आणि भैय्यालालजींना मिठी मारली. तेवढ्या मिठीपुरते पैसे वसूल झाले, असं भैय्यालालजींना खरोखर वाटलं.

घरी येऊन ते हातपाय धुऊन ताटावर बसले. सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा. ताटात वरण-भात होता आणि लोणच्याची फोड.

"कुसुम," ते जरा गोडीत म्हणाले, "आपल्या घरचा बी अर्धा किलो वाटा आला असन ना?"

"आला ना," कुसुमताईंनी वरण वाढलं. "तो तं तुमच्या सतरा किलोत सगळ्यात पयले इकला."