नानांच्या घरची कानबाई

मुलांनो, धुळ्याला आमच्या समोर राहणारे नाना सकाळी भेटले की "कसे आहात" असं विचारत नाहीत. "रात्री काय पाहिलंत?" असं विचारतात. दूधवाला असो की रिक्षावाला, स्वप्न सांगूनच पुढे जायचं. नाना कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण गिऱ्हाईक सोडलं नाही.

मी एकदा म्हटलं, "मला स्वप्नं पडत नाहीत."

"पडतात. तुम्ही घड्या घालून कपाटात ठेवता."

शिरपूरपलीकडे सातपुड्यात एक भगत आहे. ढोलावर घुमतो आणि लोकांची दुखणी ओळखतो. नाना त्याच्याकडे मुक्कामाला जातात. कुणी हसलं तर म्हणतात, "धंदा एकच. त्याच्याकडे ढोल, माझ्याकडे फळा. गुण त्याचा लवकर येतो."

त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, बोलणं म्हणजे "हं" आणि "वाढू का". पण श्रावणात घरी कानबाई देवी बसली की ती अक्कांच्या अंगात येते. मग केस मोकळे सोडून त्या भर पाहुण्यांत नानांना झाडतात.

यंदा त्यांचा मुलगा मिलिंद गोळी घेऊन आला. तो पुण्याला डॉक्टर आहे. "नाना, हे काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गोळीनं थांबेल."

"ठाऊक आहे म्हणूनच थांबवणार नाही." नाना देवघराच्या दारात आडवे उभे राहिले. "वर्षभर हिचं कोण ऐकतं? तू? मी? एक दिवस बोलते, तर बूच लावायचं?"

"लोक हसतात."

"हसू दे. लोकांच्या अंगात बारा महिने लोकच असतात."

आतून अक्का अहिराणीत गरजल्या, "बठ्ठासना सपना ऐकस. घरमा बाई शे, तिनं ऐकस का?"

"चुकलो, माय." नाना आत जाऊन गुडघ्यांवर बसले. मी कानबाईच्या नैवेद्याचं, रोटाचं ताट घेऊन शेजारीच होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. त्यांची थोरली मुलगी शाळेत असताना तापानं गेली. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. पुस्तकी मराठी बोलणारे नाना हळूच म्हणाले, "मन्ही पोर बरी शे का, माय?"

अक्कांचं घुमणं मंदावलं. नानांच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दरसाल तेच इचारस. बरी शे ती. तू जेव आते."

नाना मुकाट्यानं पाटावर बसले. मिलिंदनं वाढलं.