अमावास्येचं तेल

अनंतकाका सुतार रस्त्यात भेटले की ‘कसा हायस’ असं विचारत नाहीत. ‘खिशात हाय ना?’ असं विचारतात. आमच्या नागावात सुट्टीला आलेले पाहुणे जवळपास असले तर जरा दचकतात. आम्ही गावातले लोक मात्र निमूटपणे खिशात हात घालतो आणि आंब्याच्या कोयीएवढा लाकडाचा तुकडा काढून काकांच्या तळहातावर ठेवतो. काका तो उजेडात धरतात, नाकाच्या कडेला दोनदा घासतात, अंगठ्याने चोळतात आणि निकाल देतात. ‘अंग बरं हाय.’ किंवा, ‘चाव्यांबरोबर ठेवलास. खोटं बोलू नको, ओरखडा दिसतोय.’

या तुकड्याला काका चाळा म्हणतात. त्याचा दुसरा काहीही उपयोग नाही. तो मुठीत धरायचा आणि त्याच्यावर अंगठ्यापुरता जो खळगा कोरलेला असतो त्यात अंगठा फिरवत बसायचं. काकांचं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि काकांकडे उरला तो फक्त पडवीतला शिसवाचा ढीग. त्यातून ते चाळे करू लागले. आधी पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर आणि सगळ्यात शेवटी खरवताच्या झाडाचं खरखरीत पान. एका चाळ्याला आठवडा लागतो. विकत मागितला तर देत नाहीत. ज्याच्या हाताला गरज दिसेल त्याला स्वतःहून देतात.

माझ्या हाताची गरज त्यांना दिसली ती मी सुरूच्या झाडांमागे उभा राहून सिगरेट ओढत होतो तेव्हा. मी शाळेत क्लार्क आहे. घरी सिगरेट सोडली म्हणून सांगितलं होतं आणि रोज संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने समुद्रावर जात होतो. काका तसेच पुढे गेले. पंधरा दिवसांनी चाळा आणून दिला आणि म्हणाले, ‘तोंडाचा दोष न्हाय तुझा. हात रिकामा हाय.’ ते खरं होतं. दोन महिन्यांत सिगरेट सुटली. त्या माणसाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत हे आधी सांगतो, म्हणजे मी पुढे काय केलं ते नीट कळेल.

चाळ्याचे नियम कडक. चाव्या आणि नाणी असलेल्या खिशात ठेवायचा नाही. गाडीत काचेपाशी उन्हात ठेवायचा नाही. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायचा. व्हार्निशचं तर नावही काढायचं नाही, कारण व्हार्निश लावलं की लाकडाचा श्वास कोंडतो. आणि दर अमावास्येला, सुताराच्या सुट्टीच्या दिवशी, चाळा घेऊन काकांच्या पडवीत यायचं. तिथे ते खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा बोळा घेऊन बसलेले असतात. ‘होडीला वर्षातून एकदा तेल लागतं, याला म्हैन्यातून एकदा,’ हे वाक्य प्रत्येक अमावास्येला ऐकावं लागतं.

या नियमांना सवलत नाही. शेजारच्या विनयच्या लग्नात काका अक्षता टाकून स्टेजवर गेले आणि नवरदेवाला हळूच म्हणाले, ‘दाव.’ शेरवानीला खिसाच नव्हता. त्यावर काकांनी शेरवानीला खिसा न ठेवणाऱ्या शिंप्याला जे बोल लावले ते व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतात. विनयची बायको अजून पाहुण्यांना ते दाखवते.

आता माझा अपराध. गेल्या वर्षी माझा चाळा पँटबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेला. बाहेर आला तो पांढुरका, अंगावर खरखरीत तंतू उभे राहिलेले. त्याच दिवशी तसाच काकांकडे नेला असता तर चार शब्द ऐकून सुटलो असतो. पण मी घाबरलो. पन्नाशीचा माणूस, पण शाळकरी पोरासारखा घाबरलो. अलिबागला जाऊन व्हार्निशची डबी आणली आणि लपूनछपून तीन हात मारले. आमच्या दमट हवेत ते नीट वाळलं नाही. चाळा हॉटेलच्या काउंटरसारखा चकाकू लागला आणि रुमालाचे धागे त्याला चिकटू लागले.

अमावास्या आली. मी गेलो नाही. पुढच्या वेळीही गेलो नाही. काकांच्या दारावरून जायचं टाळून देवळामागच्या वाटेने शाळेत जाऊ लागलो. तरी एकदा दूध आणताना त्यांनी गाठलंच. ‘खिशात हाय ना?’ मी म्हणालो, पुण्याला मुलाकडे राहिला. काका घरात गेले आणि तेलाची छोटी बाटली घेऊन आले. ‘तिकडं हवा कोरडी. मुलाला सांग, कापसानं लाव, चोळू नको.’ ती बाटली मी कपाटात कपड्यांमागे लपवली. कपाट उघडलं की खोबरेलाचा वास यायचा. त्या दिवसांत मी दोनदा सिगरेट ओढली, हेही लिहून टाकतो.

पाचव्या अमावास्येला राहवलं नाही. चाळा आणि बाटली, दोन्ही घेऊन गेलो. वाटलं होतं, पडवीत गर्दी असेल. काका एकटेच होते. काकू नातवाला सांभाळायला पनवेलला मुलाकडे गेल्या होत्या आणि तिकडेच रमल्या होत्या, हे ठाऊक होतं. विनयसारखी पोरं नोकरीला बाहेर गेली होती, हेही ठाऊक होतं. पण भिंतीला लावून ठेवलेल्या सहा खुर्च्या, पुसून ठेवलेले कप आणि काठोकाठ भरलेली तेलाची वाटी बघून मला कसंतरी झालं. वाटीत कोणी बोट बुडवलेलं दिसत नव्हतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीन, व्हार्निश, पुणं. काकांनी चाळा नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला.

‘तीन हात?’

‘तीन.’

‘मशीननं मारला नव्हता रे याला. तू मारलास.’

मग बाटलीकडे बघून म्हणाले, ‘तेल तरी परत आणलंस. बस.’

फुटक्या काचेच्या तुकड्याने ते व्हार्निश खरवडू लागले. बारीक पापुद्रे धोतरावर पडत होते. मी काय करावं न सुचून त्यांचा स्वतःचा चाळा हातात घेतला. तो नेहमी त्यांच्या मांडीजवळ असतो. काळाभोर, एवढा गुळगुळीत की हातात आहे की नाही कळू नये. मी विचारलं, याला तेल कधी लावता?

‘याला? कधीच न्हाय.’

‘मग इतका चांगला कसा राहिला?’

‘शिसव हाय. हाताचंच तेल पुरतं याला.’

‘मग आमच्या चाळ्यांना?’

काच थांबली. काकांनी पापुद्रे झटकले, रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं.

‘तेल हाय म्हणून मान्सं येतात,’ ते म्हणाले आणि पुन्हा खरवडू लागले.

मी आत जाऊन चहा टाकला. तासाभराने माझा चाळा परत मिळाला. एका कडेला काचेची खूण राहिली होती, ती मुद्दाम ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. पुढच्या अमावास्येला आण, म्हणाले.

मी तेवढा थांबलो नाही. मधल्या रविवारीच गेलो. काका पडवीत एकटे कानशीने लाकूड घासत होते. चाळा पुढे केला आणि म्हणालो, ‘काका, जरा सुकल्यासारखा वाटतोय.’

त्यांनी तो उजेडात धरला. नाकाच्या कडेला दोनदा घासला. बराच वेळ उलटापालटा करून पाहिला. मग एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि गंभीरपणे म्हणाले,

‘बरं केलंस आणलास. लय सुकलाय.’