धूळ, पिशवी आणि महिपतराव

रत्नागिरीत लोखंड टिकत नाही असं जे म्हणतात, त्यांची माझी गाठ पडलेली नसते. मी मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात फिटर होतो. तिथे जहाजाच्या गंजक्या पत्र्यावर वाऱ्याच्या जोरानं वाळू मारतात आणि पत्रा आरशासारखा होतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरी सोडून गावी आलो तो हाच बेत घेऊन. घराच्या पडवीत वाळूचं यंत्र उभारायचं आणि खाऱ्या वाऱ्याला त्याची जागा दाखवून द्यायची.

यंत्र मी स्वतः बांधलं. फणसाच्या फळ्यांची पेटी, वर काच, पुढे दोन भोकं. भोकांना मोटारीच्या जुन्या ट्यूबचे लांब रबरी हात चिकटवले. आपण बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे, आत गंजका तुकडा धरायचा आणि नळीतून सुटणारी वाळू त्यावर मारायची. वारा भरायला पंप, पंप फिरवायला रॉकेलचं जुनं इंजिन. पहिल्याच दिवशी दाराची एक बिजागरी आत घातली, ती चांदीसारखी होऊन बाहेर आली. मी गोदाला हाक मारली. गोदा म्हणजे माझी बायको. तिनं बिजागरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

माझ्या मिशीवर, पापण्यांवर, कानात तांबूस पीठ बसलं होतं. पेटीच्या फटीफटीतून धूळ सुटत होती आणि पडवीतून थेट स्वयंपाकघरात जात होती. दुपारी जेवताना गोदा थोडा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "आज भात वाजतोय."

धूळ म्हणजे काही वाघ नव्हे. मी लोहाराकडून भट्टीचा जुना पंखा आणला आणि तोही इंजिनाला जोडला. पंख्यानं पेटीतली धूळ ओढायची आणि पत्र्याच्या नळातून खिडकीबाहेर टाकायची. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता, धूळही मुकाट्यानं तिकडे गेली. दुपारी वारा फिरला. तो रोजच फिरतो. मी जन्मानं रत्नागिरीचा, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही.

शेजारी यमुनाबाई राहतात. त्यांच्या आणि आमच्या आवारामध्ये छातीएवढा दगडी गडगा आहे. मे महिना असल्यामुळे गडग्यापलीकडे त्यांनी आंब्याच्या रसाच्या पोळ्या उन्हात वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी त्या एक पोळी ताटात घालून आमच्याकडे आल्या. "हरिश्चंद्रभाऊ, खास तुमच्यासाठी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी पोळी तव्यावर घासून पाहिली. तवा स्वच्छ निघाला.

मी जाऊन त्यांची माफी मागितली आणि शब्द दिला, की यापुढे धुळीचा एक कणही गडगा ओलांडणार नाही. यमुनाबाईंना काळजी होती ती वेगळीच. त्यांच्या मुलीला, तुळसाला, बघायला देवरूखचे पाहुणे यायचे होते. घरात कर्ता पुरुष कोणी नाही, आणि मुलाचे मामा महिपतराव मानपानाला फार कडक, अशी बातमी होती.

यंत्र बंद ठेवणंही शक्य नव्हतं. मिरकरवाड्याचे युसुफभाई आपल्या मासेमारीच्या मचव्याचं गंजकं सामान माझ्याकडे टाकून गेले होते. पावसाळा तोंडावर आला होता आणि त्याआधी त्याला रंग लागायला हवा होता.

तेव्हा मी पिशवीची युक्ती काढली. म्हणजे नळाच्या तोंडाला कापडाची मोठी पिशवी बांधायची. वारा कापडातून निघून जाईल, धूळ आत राहील. युसुफभाईंनी शिडाचं जाड कापड दिलं. त्यातून वारा बाहेर पडेना, तो माघारी पेटीत शिरला आणि दोन्ही रबरी हात फुगून माझ्या गळ्याशी आले. गोदाचं जुनं लुगडं लावलं, तर त्यातून वाराही गेला आणि धूळही गेली. शेवटी गोदानं माझं धोतर घेतलं, दुहेरी करून माणसाएवढी लांब पिशवी शिवली, आणि साठलेली धूळ काढायला बाजूला बाहीसारखं तोंड ठेवून ते नाडीनं बांधलं. नळ तिथवर नेऊन आम्ही ती गडग्याजवळ आंब्याच्या खालच्या फांदीला कमरेशी बांधली. इंजिन सुरू केलं. पिशवी फुगून ताठ उभी राहिली. बाहेर एक कण नाही!

फक्त इंजिनाला मधूनमधून उचकी लागायची. पंखा मंदावला की पिशवी कमरेत वाकायची, आणि जोर आला की पुन्हा सरळ व्हायची. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पाहुणे आले त्या दिवशी मी तोंडाला ओला पंचा बांधून पेटीत हात घालून उभा होतो, त्यामुळे पलीकडचं मला नंतर कळलं. महिपतरावांना लांबचं कमी दिसायचं, आणि ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ओटीवर बसता बसता त्यांना गडग्यावरून एक शुभ्र कपड्यातले वयस्क गृहस्थ वाकून नमस्कार करताना दिसले. महिपतरावांनी हात जोडले. गृहस्थांनी पुन्हा नमस्कार केला. महिपतराव उठून उभे राहिले आणि त्यांनीही पुन्हा केला. असं बराच वेळ चाललं. यमुनाबाई आत पोह्यांत अडकल्या होत्या.

शेवटी महिपतराव भाच्याला म्हणाले, "घरात एवढे नम्र वडीलधारे आहेत आणि त्यांना बाहेर उभं ठेवलंय. हे बरं नाही."

आणि ते स्वतःच गडग्यातल्या वाटेनं आमच्या आवारात आले. माझा शब्द खोटा झाला नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. धूळ गडगा ओलांडून गेली नाही. महिपतराव ओलांडून आले. त्यांनी आदरानं पुढे होऊन त्या गृहस्थांचा हात धरला आणि ओढला. नाडी सुटली.

मी बाहेर धावलो तेव्हा पिशवी रिकामी लोंबत होती आणि तिच्यासमोर डोक्यापासून वहाणांपर्यंत विटकरी रंगाचा एक माणूस उभा होता. मे महिन्यात शिमगा खेळून आल्यासारखा. मी इंजिन बंद केलं. यमुनाबाई गडग्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला पंचा तोंडावरून काढवेना.

महिपतरावांनी विहिरीवर आंघोळ केली. गोदानं त्यांना माझं उरलेलं धोतर दिलं. मग ते यमुनाबाईंच्या ओटीवर परत जाऊन बसले, मागोमाग मीही गेलो, पण पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. सोयरीक मोडली असं सगळ्यांनी धरलं. मुलगा हसू लपवायला परसात गेला, तर तिथे तुळसा त्याच कामासाठी आधीच आली होती. दोघं बराच वेळ परत आली नाहीत.

अखेर महिपतराव मला म्हणाले, "हे सगळं त्या पिशवीत होतं?"

मी हो म्हटलं.

"आणि बाहेर काही येत नव्हतं?"

"तुम्ही हात धरेपर्यंत नाही."

महिपतरावांची देवरूखला भाताची गिरण होती. तिचा कोंडा आळीभर उडायचा आणि लोक भांडायला यायचे. मी त्यांना वाळूच्या यंत्राचे फायदे समजावायला लागलो. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि विचारलं, "पिशवी शिवली कोणी?"

तुळसाचं लग्न ठरलं. युसुफभाईंचं सामानही पावसाआधी झालं. त्यानंतर गंज काढायला कोणी आलं नाही. पिशवीसाठी मात्र देवरूखहून आले, राजापूरहून आले. दारात उभे राहून विचारतात, "पिशवीवाल्या बाईंचं घर हेच ना?" मी हो म्हणतो आणि बसायला घोंगडी टाकतो.

गोदानं शिलाईचं यंत्र घेतलं. पडवीत उजेड चांगला, म्हणून ते तिथे ठेवलं आणि माझी पेटी मागच्या दारी गेली. तिच्यात आता कोंबडी बसते. फार चावरी आहे, पण रबरी हातांतून अंडी काढायला काही त्रास होत नाही.